खांदेमळणी आणि वजनकाटा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसते तिथे तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, ही रीत. शिंगांचे बेगड, पाठीवरची झूल, पुरणपोळीचा घास हे सगळे नंतरचे. रीत घालणाऱ्याला बैलाचे नेमके कुठे दुखते ते ठाऊक होते.

तेच दुखणे 2022 साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या काही विद्यार्थ्यांनी मनावर घेतले. मुलूख उसाचा. दोनचाकी गाडीत ऊस आखाच्या पुढे जास्त रचला गेला, की भार दांडीवरून जुवावर आणि जुवावरून थेट मानेवर येतो. त्यात खड्डे, उतार. खांदा येतो, सुजतो, चिघळतो आणि तरी दुसऱ्या दिवशी बैल जुंपलाच जातो. या मुलांनी पुढच्या बाजूला जमिनीवर टेकणारे तिसरे चाक बसवले, म्हणजे मानेवरचा काही भार त्या चाकाने घ्यावा. नाव ठेवले ‘सारथी’. त्या जुलैत त्याची छायाचित्रे देशभर फिरली.

ओझ्याने रस्त्यात बसलेल्या बैलाचा आणि पराणी टोचणाऱ्या गाडीवानाचा व्हिडिओ काढणेही या मुलांना जमले असते. तो रागही खोटा नसता. पण गाडीवान मुकादमाची उचल फेडायला आलेला असतो आणि त्याची कमाई टनावर ठरते. खेपा वाढवणे त्याच्या हाती नसते, कारण साखर कारखान्यासमोरच्या रांगेतच रात्र जाते. मग तो गाडीतले ओझे वाढवतो. बैल मेला तर सर्वांत आधी तोच बुडतो, हे त्याला कुणी शिकवायला नको.

कायदा नाही असे नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये! 1965 चे नियम मात्र बारकाईने लिहिलेले आहेत. ओढकामाच्या जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 मुळीच नाही. बैलाच्या आकारानुसार आणि गाडीच्या चाकांनुसार ओझ्याची मर्यादाही दिली आहे.

ती मर्यादा ओलांडली की नाही, हे शोधायला कुणाला रस्त्यावर उभे राहायला नको. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते आणि वजन पावतीवर छापून येते. म्हणजे पुरावा रोज तयार होतो, फाइलला लागतो आणि त्यावरच पैसे दिले जातात. ‘सारथी’लाही इथेच धोका आहे: मान हलकी झाली म्हणून आणखी दोन मोळ्या चढवल्या, तर मुलांची मेहनत उसात गेली.

म्हणून या मुलांच्या पुढच्या तुकडीने कारखान्याच्या वार्षिक सभेत जावे. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी सभासदत्व असेलच. मागच्या हंगामातल्या बैलगाड्यांची काटा-वजने मागावीत, नियमातल्या तक्त्याशेजारी मांडावीत. आणि त्याच दमात बैलगाडीच्या वाहतुकीचा दर वाढवून मागावा. नाहीतर ओझे कमी करण्याचा सगळा भुर्दंड गाडीवानाच्याच माथी बसेल. गाळपाला अजून अवकाश आहे, सभा मात्र त्याआधीच होतात.