आभाळातून पडलेल्या दगडाची नोंद



गेल्या महिन्यात नायगाव तालुक्यातले एक कास्तकार फडक्यात काहीतरी बांधून माझ्याकडे आले. मला वाटले, माती परीक्षणाचा नमुना असेल. गाठ सोडली तर आत नारळाएवढा काळा धोंडा, त्याला हळदकुंकू लावलेले. म्हणाले, "साहेब, आमच्या आज्याच्या टायमाला हा आभाळातून पडलाय. तीन पिढ्या देवघरात आहे. आता एक माणूस पंधरा लाखाला मागतोय, पण आधी तपासणीचे वीस हजार भरा म्हणतो. भरू का?"

भरू नका, हे मी दगडाकडे न बघताच सांगितले. घेणाराच विकणाऱ्याकडून पैसे मागतो, असा बाजार मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ना कापसाचा पाहिला, ना तुरीचा.

मग दगड हातात घेतला. लोहचुंबक लावले, ते चिकटले. कास्तकाराचा चेहरा उजळला. पण एवढ्यावर काही ठरत नाही. आपला काळा पाषाणही कधीकधी चुंबकाला थोडा ओढतो. खऱ्या उल्कापाषाणावर बाहेरून पातळ काळी साल असते, विस्तवावर करपल्यासारखी. आत राखाडी रंग आणि त्यात चकाकणारे धातूचे बारीक कण असतात. हाताला तो आकाराच्या मानाने जड लागतो. आणि मुख्य म्हणजे त्यात बुडबुड्यांची भोके नसतात. या धोंड्याची फुटलेली बाजू पाहिली तर जाळीच जाळी. ते जुन्या भट्टीतले लोखंडाचे कीट होते.

कास्तकार बराच वेळ गप्प बसले. पंधरा लाखांचे दुःख त्यांना नव्हते. म्हणाले, "मग आमचा आज्जा खोटं बोलला का?"

हा प्रश्न मला घरी आल्यावरही सुटेना. म्हणून जगभरच्या उल्कापाषाणांची जी यादी शास्त्रज्ञ ठेवतात, ती चाळली. तिच्यातली एक रीत मला फार आवडली. दगड ज्या गावाजवळ पडला, त्या गावाचेच नाव त्याला देतात. राजाचे नाही, शोधणाऱ्या साहेबाचेही नाही. साताऱ्याकडच्या कळंबीचा दगड 1879 सालचा. अकोल्याकडच्या अंदुऱ्याचा 1939 सालचा, जवळजवळ 18 किलोचा. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडचा 1866 सालचा, जतन झालेला ऐवज फक्त 22 ग्रॅम, म्हणजे दोन तोळेसुद्धा भरत नाही. आणि याच यादीत आपल्या मराठवाड्यातलीही एक नोंद निघाली: नावकी, 1928. वजन 79 ग्रॅम. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. यादीतले अक्षांश-रेखांश नकाशावर ठेवले तर बोट परभणी-पूर्णेच्या टापूत येते. नायगावपासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. एवढ्या अंतरावरून उल्केचा मोठा लोळ सहज दिसतो.

तेव्हा आज्याने आभाळात काहीतरी पाहिले असणे मुळीच अशक्य नाही. लोळ पाहिला, दुसऱ्या दिवशी शेतात काळा धोंडा सापडला, दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. यात खोटेपणा कुठला?

शेतकऱ्याच्या सांगण्यावर शहाण्यांनी विश्वास न ठेवणे, ही या शास्त्राची जुनी खोड आहे. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातले बहुतेक पंडित म्हणत, आभाळात दगड नाहीत तर ते पडतील कुठून? 19 डिसेंबर 1798 रोजी रात्री काशीजवळच्या क्राखुत गावाच्या शिवारात गडगडाट होऊन दगड पडले. लोकांनी शेतात जिथे माती उकरलेली दिसली तिथून ते काढले, फोडले, वाटले. काही तहसीलदाराकडेही पोचले. एक तर रखवालदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला होता. तिथल्या एका इंग्रजाने ही हकीकत लिहून दगडांसह विलायतेला कळवली. 1802 साली हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते दगड तपासले, तर त्यांच्यातल्या लोखंडात निकेल निघाले. दुसऱ्या देशांत पडलेल्या दगडांतही तेच. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1803 रोजी फ्रान्समध्ये लेगल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड पडले. सरकारने बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठवले. तो गावोगाव हिंडला आणि शेतकऱ्यांना विचारत गेला, आवाज किती झाले, कोणत्या दिशेने झाले, दगड कुठे पडले. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हकीकती जुळल्या आणि पंडितांना मान तुकवावी लागली.

आपल्याकडची ताजी नोंद काटोलची. 22 मे 2012 रोजी भर दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसे नागपूरहून आली, लोकांनी दगड दाखवले, सुमारे 13 किलो ऐवजाची नोंद झाली. लोणारला मात्र माणसाची साक्षच नाही. ते सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर कोणी लवणासुराचे म्हटले, साहेबांनी ज्वालामुखीचे म्हटले. तिथल्या फुटलेल्या खडकाची बारकाईने तपासणी होऊन 1973 साली ते उल्केचे असल्याचा पुरावा छापून आला, तोवर वाट पाहावी लागली.

आता कामाचे. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पडलेला दगड त्यात गेला, की पावसाळ्यात चिखल होऊन गडप. त्यातले लोखंडही ओलीने गंजते. शिवाय जमीनही काळी, दगडही काळा. त्यामुळे पडताना पाहिला नाही, तर पुढे सापडणे दुरापास्त. म्हणून आवाज ऐकताच घड्याळ पाहावे. लोळ कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेला, आवाज किती झाले, हे लिहून ठेवावे. दगड सापडला तर जागेवरच फोटो काढावा, खड्डा किती खोल तो मोजावा. दगड धुऊ नये, घण घालून फोडू नये. ताज्या दगडाला चुंबकही लावू नये, त्यातली मूळची चुंबकखूण पुसली जाते. मी लावले, कारण तो धोंडा तीन पिढ्यांचा होता. कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून तहसील किंवा पोलीस ठाण्यात कळवावे, तिथून भूवैज्ञानिकांना निरोप जातो. भाजेल म्हणून भिऊ नका. लहान दगड जमिनीवर येईतो बहुधा निवालेला असतो.

आणि आभाळातून येते ते सगळे उल्काच असते असेही नाही. 2 एप्रिल 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडले, ते अग्निबाणाचे भंगार होते. अशा वस्तूला हात न लावलेलाच बरा.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम त्या कास्तकाराच्या घरी गेलो. त्यांची आई ऐंशीच्या पुढची. सासऱ्यांनी सांगितलेली हकीकत तिने मला सांगितली. साल तिला ठाऊक नव्हते, पण मानमोडीच्या साथीनंतरचे आणि रझाकारांच्या आधीचे, एवढे पक्के. दिवस मावळायचा होता, बैल दावे तोडून पळाले, उजेड उत्तरेच्या अंगाला गेला. नावकीचा टापू इथून वायव्येला पडतो. मी सगळे तारखेसकट वहीत लिहून घेतले आणि खाली म्हातारीचा अंगठा घेतला.

धोंडा परत देवघरात गेला आहे. वीस हजार मागणाऱ्याचा फोन अजून येतो, पण आता तो कोणी उचलत नाही.