गाणे मनासारखे की मन गाण्यासारखे?

माणसाची चित्तवृत्ती आणि त्याचे संगीतश्रवण यांचे नाते आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे. सकाळचे राग निराळे, रात्रीचे निराळे, वर्षाऋतूचे निराळे, ही व्यवस्था ऐकणाऱ्याच्या मनाचा विचार करूनच रूढ झाली. पंडित भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समयविचाराला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. मात्र या व्यवस्थेत प्रहर ठरलेला होता, राग ठरलेला होता आणि श्रोत्याने आपले मन त्यांच्यापर्यंत न्यावे अशी अपेक्षा होती. गेल्या चार-साडेचार दशकांत हा क्रम उलटला आहे. आता मन आधी ठरते आणि त्याला साजेसे गाणे तत्क्षणी हजर होते. हा बदल अभिरुचीचा जितका आहे तितकाच अर्थव्यवहाराचाही आहे. त्यामुळे अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे संगीत आणि आठवड्याला एक नवे गीत, असा हा उपक्रम वर्षभर चालला. श्रोत्याला त्या दिवशी कोणत्या भावाचे गीत हवे आहे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. घरात मंगलकार्य असो की चिंता, कथेत ज्या प्रसंगाची पाळी आली असेल त्याचे गीत ऐकावयाचे. ते एकदा ऐकून झाले की पुन्हा लावण्याची सोय बहुतेकांपाशी नव्हती. श्रोता वाट पाहत असे, आणि त्या वाट पाहण्यातच त्याच्या मनाची निम्मी तयारी होत असे.

१९७९ साली जपानमध्ये वॉकमन बाजारात आला. पाठोपाठ ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींनी आपल्याकडील घरे भरली, आणि २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर उरलीसुरली बंधनेही गळून पडली. आज एक गाणे आणखी ऐकण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. गाणी पुरवणाऱ्या स्ट्रीमिंग कंपन्या आपला माल घराण्यानुसार वा गायकानुसार मांडतात, त्याचप्रमाणे मनःस्थितीनुसारही मांडतात. उदास वाटत असेल तर ही यादी, अभ्यासाला बसायचे असेल तर ती, झोप येत नसेल तर तिसरी. किराणा मालाच्या दुकानात डाळींचे डबे ओळीने लावावेत, तशी मनुष्याची मनःस्थिती येथे ओळीने लावलेली असते.

स्वातंत्र्याचा लाभ

या बदलाविषयी केवळ हळहळ व्यक्त करणे अन्यायाचे होईल. जुन्या मैफली मूठभरांच्या दिवाणखान्यांत होत. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना काढावा लागे, आणि घरात रेडिओ असला तरी त्याचे बटण बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असे. कोणते गाणे लावावे हे त्या घरातील सुनेला कोणी विचारत नसे. आज तीच गृहिणी पोळ्या लाटताना, कामगार लोकलच्या गर्दीत उभा असताना, परगावी शिकणारा मुलगा वसतिगृहाच्या खोलीत एकटा असताना आपल्या पसंतीचे गाणे ऐकू शकतो. दुःखी माणसाला दुःखाचे गाणे ऐकून बरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ही सांत्वना सर्वांच्या आवाक्यात आली, याचे मोल थोडे नाही.

प्रश्न आहे तो यापुढचा. अर्थशास्त्रज्ञ टिबोर सितोव्स्की यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुखसोय आणि आनंद यांत भेद केला. अस्वस्थता दूर झाली म्हणजे सुखसोय लाभते. आनंदाला मात्र काहीतरी नवे, थोडे अवघड, मनाला श्रम करावयास लावणारे लागते, आणि त्याचा आस्वाद घेण्यासाठी शिक्षणही लागते. संपन्न समाज सुखसोयींच्या मागे लागून आनंदाला पारखा होतो, ही त्यांची तक्रार होती. मनःस्थितीला साजेसे गाणे निवडणे हा सुखसोयीचा व्यवहार आहे. गाण्याने आपली मनःस्थितीच पालटावी, आपण मागितले नव्हते ते पदरात टाकावे, हा आनंदाचा प्रकार आहे.

श्रवणाची गुंतवणूक

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत वर्गात शिकवताना आम्ही लाडवाचे उदाहरण देतो. पहिल्या लाडवाची गोडी पाचव्याला नसते. त्याचबरोबर छंद आणि कला यांना हा सिद्धांत सरळ लागू पडत नाही, हेही सांगावे लागते. जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर यांनी १९७७ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात यासाठी संगीताचेच उदाहरण घेतले. चांगले संगीत जितके ऐकावे तितकी ते समजण्याची शक्ती वाढते, आणि पुढील श्रवणातून मिळणारे समाधानही वाढते. म्हणजे आजचे ऐकणे हा उपभोग आहे, तशीच ती उद्यासाठी केलेली गुंतवणूकही आहे. परंतु गुंतवणुकीत प्रारंभी झीज सोसावी लागते. पहिल्यांदा ऐकलेला दरबारी अनेकांना कंटाळवाणा वाटतो. तो कंटाळा येताच बोटाच्या एका स्पर्शाने गाणे बदलण्याची सोय असेल, तर भांडवल साठणार कोठून?

बाजाराची रचना या अधीरतेला खतपाणी घालणारी आहे. स्पॉटिफायसारख्या कंपनीच्या हिशेबात गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकल्याची नोंद होते. साहजिकच पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला पकडून ठेवणारी रचना फायद्याची ठरते. आपल्याकडील विलंबित ख्यालात अतिविलंबित एकतालाच्या एका आवर्तनालाच पाऊण मिनिट, कधी पुरते मिनिट लागते. पहिली सम येण्यापूर्वीच हिशेबाचे घड्याळ पुढे गेलेले असते. या संगीताला कोणी बंदी घातलेली नाही. ज्या मापाने त्याची मोजणी होते, ते मापच त्याच्या सोयीचे नाही.

शिवाय मनःस्थिती ओळखून संगीत पुरवण्याचा धंदा सदैव निरागस राहिलेला नाही. अमेरिकेत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या म्यूझॅक कंपनीने कारखाने व कचेऱ्यांना कामाचा वेग टिकवण्यासाठी मोजूनमापून संगीत पुरवले. १९८२ मध्ये रोनल्ड मिलिमन या संशोधकाने एका मोठ्या दुकानात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. संथ लयीचे संगीत लावलेल्या दिवशी विक्री, जलद लयीचे संगीत लावलेल्या दिवसांच्या तुलनेत, सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक भरली. ग्राहक नकळत हळू चालत होते. आज आपण कोणत्या वेळी कोणत्या भावाची गाणी ऐकतो याची नोंद आपल्याच यंत्रातून दुसऱ्याच्या हाती जाते. आपली चित्तवृत्ती आपण निवडली की ती आपल्यासाठी निवडली गेली, असा प्रश्न प्रत्येक श्रोत्याने स्वतःला अधूनमधून विचारला पाहिजे.

काय करता येईल?

यावर उपाय म्हणून यंत्रे फेकून देण्याचा उपदेश कोणी करणार नाही, आणि केला तरी कोणी ऐकणार नाही. परंतु ज्या संस्था बाजाराच्या तात्कालिक हिशेबावर अवलंबून नाहीत, त्यांनी बाजार जे पुरवत नाही ते पुरवावे, ही अपेक्षा रास्त आहे. १९५३ साली पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र जागवून पहाटे संपत असे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली, आणि मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत उरली. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क मोठा आहे. नियम सैल करावा असे मुळीच सुचवावयाचे नाही. पण उत्तररात्रीचे राग त्यामुळे खुल्या मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले, हेही खरे. आकाशवाणीला ही उणीव भरून काढता येईल. रेडिओला ध्वनिक्षेपक लागत नाही, आणि तिच्या संग्रहात थोर कलावंतांची ध्वनिमुद्रणे आहेत. मालकंस मध्यरात्री, ललत पहाटे, असा नेमस्त कार्यक्रम ठरलेल्या वेळी, एकेक तास अखंड व्हावा, आणि त्याची पूर्वसूचना वृत्तपत्रांतून मिळावी.

महाविद्यालयांनीही आठवड्यातून एक तास केवळ श्रवणासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी. काय ऐकावयाचे ते शिक्षकाने ठरवावे. परीक्षा नको, गुण नकोत; मध्येच उठून जाण्याची मुभा मात्र नको. त्या तासाला प्रारंभी मुले चुळबुळ करतील. पण त्यांपैकी पाच-सहा जणांनी वर्षाअखेर आपण होऊन एखादा ख्याल शेवटपर्यंत ऐकला, तरी तो तास सत्कारणी लागला असे समजावे.