प्रश्न कडक होता की कात्री तिरकी?

‘हे चॅनल त्यांचं आहे’ असं तुम्ही कधी ना कधी म्हटलंच असेल. घरात बाबा एक चॅनल लावतात, काका आले की रिमोट त्यांच्या हातात जातो आणि दुसरं लागतं. चॅनलवरून पक्ष ओळखायचा आणि पक्षावरून चॅनल, हा खेळ आपल्याला पाठ आहे. पण तो फक्त आपल्याकडेच चालतो असं समजू नका. ज्या कॅनडात तुमच्या ओळखीचा निदान एक तरी मित्र मास्टर्स करायला गेलेला असतो, तिथेही नेत्याची टीव्ही मुलाखत संपायच्या आत ‘चॅनल पक्षपाती आहे’ अशी ओरड सुरू होते. ओरडणारा पक्ष मात्र बदलत राहतो.

एक जुनी मुलाखत सांगतो. मास कॉमच्या प्रत्येक वर्गात दाखवावी अशी आहे.

९ ऑक्टोबर २००८. कॅनडातल्या मतदानाला पाच दिवस उरलेले. जगभरात आर्थिक संकट, बँका गडगडतायत. लिबरल पक्षाचे नेते स्टेफान डिओन हॅलिफॅक्समध्ये सीटीव्हीला मुलाखत द्यायला बसले. डिओन क्युबेकचे, मातृभाषा फ्रेंच. मुलाखतकार स्टीव्ह मर्फी यांनी इंग्रजीत विचारलं, त्याचा अर्थ साधारण असा: तुम्ही आत्ता पंतप्रधान असतात, तर या संकटाबाबत हार्पर यांनी जे केलं नाही असं तुम्ही काय केलं असतंत?

पुन्हा वाचा. ‘आत्ता असतात’ आणि ‘केलं असतंत’. एकाच वाक्यात वर्तमानही आणि भूतही. डिओन यांनी उत्तर सुरू केलं, अडखळले, थांबले आणि विचारलं की पुन्हा सुरू करू या का. मर्फी हो म्हणाले. पुन्हा तोच घोळ. पंतप्रधान कधीपासून, आजपासून की आधीपासून, हेच डिओन यांना कळेना. पुन्हा सुरुवात. त्यांना कमी ऐकू येण्याचा त्रास आहे, असंही नंतर त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. मराठी माध्यमातून येऊन कॅम्पस इंटरव्ह्यूला बसलेल्या कुणालाही ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही. उत्तर येत असतं, प्रश्नाचं व्याकरण पायात येतं.

रेकॉर्डेड मुलाखतीत असे रीटेक होतात. सगळीकडे होतात. सीटीव्हीने आधी सांगितलंही होतं की हा भाग दाखवणार नाही. मग चॅनलचं मत बदललं. त्याच संध्याकाळी अडखळण्यासकट सगळं प्रसारित झालं. सीटीव्हीच्याच केबल वाहिनीवर माइक डफी यांनी आपल्या कार्यक्रमात ते पुन्हा दाखवलं, त्यावर चर्चा घडवली. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी तातडीने पत्रकारांना गाठून टोला हाणला की एवढी मोठी अर्थव्यवस्था चालवताना रीटेक मिळत नसतात. २००६ मध्ये १०३ जागा जिंकलेला लिबरल पक्ष पाच दिवसांनी ७७ वर आला. (या एका मुलाखतीमुळे आला असं मी म्हणत नाही. डिओन यांची कार्बन करावरची योजनाही लोकांच्या गळी उतरली नव्हती.)

आता डफी यांचं पुढे काय झालं? त्याच डिसेंबरात हार्पर यांनी त्यांना सिनेटर नेमलं. मुलाखत आणि नेमणूक यांचा थेट संबंध होता असा पुरावा नाही. पण लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

तक्रारी झाल्या. कॅनडातल्या खासगी प्रसारकांनी स्वतःवर लक्ष ठेवायला एक परिषद नेमलेली आहे, कॅनेडियन ब्रॉडकास्ट स्टँडर्ड्स कौन्सिल. तिने २००९ मध्ये निकाल दिला की हॅलिफॅक्सचं प्रसारण आणि डफी यांचा कार्यक्रम, दोन्हींनी आचारसंहिता मोडली. प्रश्नच गोंधळात टाकणारा होता, हेही परिषदेने मान्य केलं. शिक्षा काय? चॅनलने हा निकाल आपल्याच पडद्यावर वाचून दाखवायचा. बस्स. दंड नाही. निवडणूक होऊन कित्येक महिने उलटलेले, आणि डिओन तोवर पक्षनेतेही राहिले नव्हते.

चॅनलच्या बाजूनेही एक मुद्दा होता, तो उडवून लावू नका. देशाचा पंतप्रधान होऊ पाहणारा माणूस दबावाखाली कसा वागतो, हे मतदारांनी का पाहू नये? मलाही हा मुद्दा पटतो. पण मग तो कॅमेरा सुरू होण्याआधी सांगायचा ना! ‘काळजी करू नका, नाही दाखवत’ म्हणायचं आणि मग दाखवायचं, यात मतदारांची कसली सेवा?

या प्रकरणानंतर लिबरल मतदारांसाठी सीटीव्ही हे ‘कंझर्व्हेटिव्हांचं चॅनल’ झालं असेल तर नवल नाही. आता सोळा वर्षं पुढे या.

सप्टेंबर २०२४. तेच सीटीव्ही. या वेळी विरोधी पक्षनेते आहेत कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे पिएर पॉलिएव्ह, आणि सरकार लिबरलांचं. सरकारच्या दंतआरोग्य योजनेबद्दलच्या बातमीत पॉलिएव्ह यांची एक बाइट वापरली गेली. ते मुळात कार्बन करावर निवडणूक घ्या म्हणत अविश्वास ठरावाबद्दल बोलत होते. वेगवेगळे तुकडे जोडून ती बाइट अशी बसवली की ठराव दंतयोजनेच्या विरोधात आहे असं वाटावं. सीटीव्हीने आधी माफी मागितली आणि संकलनात गैरसमज झाला असं सांगितलं. कंझर्व्हेटिव्ह पक्षाने ते नाकारलं आणि चॅनलशी बोलणंच बंद केलं. चौकशीनंतर चॅनलने कबूल केलं की क्लिपमध्ये फेरफार झाला होता, आणि संबंधित दोघे जण आता आमच्या वृत्तविभागात नाहीत.

म्हणजे एकाच चॅनलने एकदा लिबरल नेत्याला अडचणीत आणलं, एकदा कंझर्व्हेटिव्ह नेत्याला. मग हे चॅनल नक्की कुणाचं?

मला वाटतं, ‘कुणाचं’ हा प्रश्नच आपल्याला भलतीकडे नेतो. गंमत बघा, २००८ मध्ये कात्री लावली नाही म्हणून चूक झाली आणि २०२४ मध्ये कात्री लावली म्हणून. ‘सगळं अनकट दाखवा’ अशी सोपी मागणी आपण नेहमी करतो, ती पहिल्या प्रकरणात टिकत नाही. दोन्हीकडे बिघडलेली गोष्ट एकच आहे. समोरच्याला एक सांगून दुसरं केलं गेलं. पहिल्यात नेत्याला, दुसऱ्यात प्रेक्षकाला.

पक्षपात शोधायला आपण जातो कुठे? मुलाखतकाराच्या भुवयांत. आवाज चढला का, हसला का, मधेच तोडलं का. पण कडक प्रश्न म्हणजे पक्षपात नव्हे, उलट मऊ प्रश्नांचाच जास्त संशय घ्यायला हवा.

जगमीत सिंग यांचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला ते एनडीपीचे नेते म्हणून निवडून आले. लगोलग सीबीसीवर टेरी मिलेव्स्की यांनी त्यांची मुलाखत घेतली. काही शीख तलविंदरसिंग परमारचे पोस्टर शहीद म्हणून लावतात, ते योग्य आहे का, असं मिलेव्स्की यांनी विचारलं, आणि पुन्हा पुन्हा विचारलं. परमार म्हणजे २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान पाडणाऱ्या कटाचा सूत्रधार. त्या विमानातली ३२९ माणसं गेली, त्यातले बहुतेक कॅनडाचे नागरिक. सिंग यांनी सरळ उत्तर दिलं नाही, खरा जबाबदार कोण ते शोधायला हवं अशा वळणाने बोलले. त्याबद्दल टीका झाली. दुसरीकडे चॅनलवरही टीका झाली, की पगडी घातलेला नेता दिसला की लगेच दहशतवादाचा प्रश्न, गोऱ्या नेत्याला असं विचारलं असतं का?

भारतात बसून आपण ही मुलाखत पाहिली तर आपलं मत आधीच ठरलेलं असतं, बरोबर? ‘चांगलं धरलं त्याला.’ माझ्या मते प्रश्न योग्यच होता. मिलेव्स्की यांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं कव्हर केलं होतं, आणि २०१० च्या चौकशी अहवालात परमारचं नाव स्पष्ट होतं. सिंग यांनीही मार्च २०१८ मध्ये अहवालाचा निष्कर्ष मान्य असल्याचं सांगितलं. प्रश्न विचारला नसता तर हे उत्तर आलं असतं का, मला शंका आहे. पण टीकाकारांचं अर्धं म्हणणं तरीही उरतंच. ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहरात २००७ च्या वैशाखी मिरवणुकीत परमारचा फोटो झळकला होता, आणि त्या मिरवणुकीला वेगवेगळ्या पक्षांचे नेते हजर होते. हा प्रश्न त्यांनाही तितक्याच वेळा, तितक्याच चिकाटीने विचारायला हवा होता. एकच पट्टी सगळ्यांना लावली का, हे एका मुलाखतीत दिसत नाही. त्यासाठी पाच नेत्यांच्या पाच मुलाखती शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, आणि तेवढा वेळ आपल्यापैकी कुणाकडेच नसतो.

सीबीसीचं दुखणं आणखी वेगळं. ती सार्वजनिक संस्था आहे, वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त सरकारी पैसा घेते. पॉलिएव्ह यांची जुनी घोषणा होती की सीबीसीचा निधी बंद करू. २०२५ च्या प्रचारात लिबरल नेते मार्क कार्नी यांनी तो १५ कोटी डॉलरने वाढवण्याचं आश्वासन दिलं. आता तुम्ही सीबीसीचे मुलाखतकार आहात. समोर एक नेता, जो तुमचा पगार वाढवणार. दुसऱ्या दिवशी दुसरा, जो तो थांबवणार. दोघांना सारखेच प्रश्न विचारलेत तरी घरी बसलेल्या प्रेक्षकाला तुमच्यावर विश्वास ठेवायला जड जाणारच.

आणि सीबीसीने हा संशय वाढवायलाही मदत केली आहे. १० ऑक्टोबर २०१९ ला, मतदानाला अकरा दिवस असताना, आपल्या क्लिप जाहिरातीत वापरल्या म्हणून सीबीसीने कंझर्व्हेटिव्ह पक्षावर दावा ठोकला. दाव्यात रोझमेरी बार्टन या आघाडीच्या मुलाखतकाराचंही नाव घातलं, नंतर काढलं. २०२१ मध्ये फेडरल कोर्टाने दावा फेटाळला. ज्या पक्षाच्या नेत्याला तुमची अँकर प्रश्न विचारणार, त्यालाच तिच्या नावाने कोर्टात खेचायचं? याहून वाईट टायमिंग शोधून सापडणार नाही.

गंमत म्हणजे याच बार्टन यांनी मार्च २०२५ मध्ये, पंतप्रधानपदाची शपथ घेऊन तीनच दिवस झालेल्या कार्नींना लंडनच्या पत्रकार परिषदेत त्यांच्या मालमत्तेवरून आणि हितसंबंधांवरून घेरलं. कार्नी चिडले. तुम्हीच स्वतःच्या आत डोकावून पाहा, अशा अर्थाचं त्यांना सुनावून बसले. ज्यांच्या लेखी सीबीसी लिबरलांची बटीक आहे, त्यांनी ही क्लिप कशी पचवली असेल कोण जाणे.

क्लिपचा विषय निघालाच आहे तर सफरचंद विसरून चालणार नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या एका बागेत पॉलिएव्ह सफरचंद खात खात एका स्थानिक पत्रकाराला उलटे प्रश्न विचारतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. पण तो जगासमोर ठेवला कुणी? खुद्द पॉलिएव्ह यांच्याच बाजूने. २०२५ च्या प्रचारात तर त्यांच्या पक्षाने पत्रकारांना नेत्याच्या विमानात जागाच दिली नाही. म्हणजे चॅनल पक्षपाती असेलही, पण त्याच्या जागी जो कॅमेरा येतोय तो तर थेट पक्षाचाच आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार घ्यायला कुठली परिषद बसलेली नाही.

म्हणून चॅनलवाल्यांकडे माझी मागणी छोटी आहे. तिकडेही आणि इकडेही. नेत्याची मुलाखत रेकॉर्ड करण्याआधी अटी ठरवा: रीटेक मिळणार का, किती, आणि ते दाखवणार का. सगळ्या नेत्यांना त्याच अटी. मुलाखत सुरू होताना त्या पडद्यावर चार ओळींत लिहा. आणि बातमीसाठी बाइट कापलीत तर पूर्ण बोलणं कुठे पाहता येईल ते तिथेच सांगा. पॉलिएव्ह यांची बाइट जोडलेली आहे हे उघडकीला आलं, कारण त्यांचं मूळ बोलणं पूर्णपणे उपलब्ध होतं आणि कुणीतरी ते ताडून पाहिलं.