अंगणातले पाणी

पावसाळा आला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी हमखास होतात. दारात डबकी साचतात आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणे लागतात. बहुतेक गावांत आपली वस्ती उताराला, ओढ्याच्या अंगाला. साऱ्या गावाचे पाणी आपल्या दारातून वाहते. ही जागा आपण हौसेने निवडलेली नाही. पण आज तेथे राहतो आपणच आणि तापाने फणफणतात तीही आपलीच लेकरे.

आमची स्वतःची चूक आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन ट्रॉल्या मुरूम टाकून अंगण अर्धा फूट उंच केले. पहिल्याच पावसात आमचे अंगण कोरडे राहिले. आम्ही खुशीत चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या वहिनी कडेवर लेकरू घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं अंगण कोरडं झालं, पण माझी चूल विझली." आमच्याकडचे सारे पाणी त्यांच्या घरात शिरले होते. सामाजिक कार्यकर्ते म्हणून मिरवणारे आम्ही, खाली मान घालून उभे राहिलो.

त्या रविवारी ओळीतली सात घरे एकत्र बसली. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून सगळ्या ओळीचा उतार मोजला. तेव्हा कळले की पाणी घरांपासून लांब न जाता घरांकडेच येत होते. आम्ही आमचा मुरूम खरवडून काढला, उतार फिरवला आणि घरांच्या पुढून सलग एक चर ओढ्यापर्यंत खोदला. दर दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार दिला. दोन रविवारांत काम झाले. मजुरीचा खर्च शून्य.

चर पावसाच्या पाण्यासाठी. मोरीचे पाणी मात्र बारमाही, त्यासाठी शोषखड्डा हवा. तीन-चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर विटांचे तुकडे भरावेत. मधोमध तळाला भोक पाडलेले मडके ठेवून त्यात काथ्या घालावा. खरकटे त्यात अडकते, काथ्या अधूनमधून बदलावा. वर बारदान अंथरून माती टाकावी. खड्डा भिंतीपासून सहा-सात फूट आणि विहीर-बोअरपासून किमान पन्नास फूट दूर असावा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे. संडासाचे पाणी यात मुळीच सोडू नये. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डास आटोक्यात आणले, हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

माताभगिनींना एक विनंती. डेंग्यूचा डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, कूलर रिकामे करून, आतून घासून कोरडे करावेत. जुने टायर, फुटके डबे अंगणात ठेवू नयेत.

पक्की गटार आपल्या खिशातून होणार नाही आणि ती खिशातून करायचीही नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची सरकारी योजना आहे. तिच्यातून गटारे व रस्ते होतात. ग्रामपंचायतीकडे सर्व घरांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. ग्रामसभेत विषय मांडून तो इतिवृत्तात लिहिला की नाही, हे पाहावे. आम्ही कारकून माणसे, आमचा अनुभव सांगतो : तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, शिक्का मारलेला कागद बोलतो.

यंदाच्या पावसात वहिनींची चूल विझली नाही. चराची गवत-माती आता त्यांचाच थोरला मुलगा काढतो. पाण्याला उतार कळतो, आपले-परके कळत नाही. ते आपल्याला कळायला हवे.