दगडाला नाव आदिवासीचं, मग डोंगर कुणाचा?



सर्वेवाले येतात, डोंगराकडं बोट दाखवतात आन् म्हणतात, "वर नुसता दगड आहे, तुमचं काय जातं?" याला ओडिशातल्या नियमगिरीच्या भावा-बहिणींनी उत्तर दिलं आहे. ते आपल्या प्रत्येक ग्रामसभेत सांगितलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

नियमगिरीच्या खडकाला खोंडालाइट म्हणतात. 1902 साली वॉकर नावाच्या साहेबानं तिथल्या खोंड, म्हणजे कोंध आदिवासींवरून हे नाव ठेवलं. कोणार्कचं सूर्यमंदिर याच जातीच्या दगडाचं आहे.

हा खडक झाला कसा? फार जुन्या काळी पाण्याखाली चिखल-वाळूचे थर साचले. ते जमिनीच्या पोटात खोल गेले. तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं त्यांचं रूपच पालटलं. मडकं भाजलं की माती पहिल्यासारखी राहत नाही, तसंच हे. म्हणून याला रूपांतरित खडक म्हणतात. ही सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट.

पुढं हा खडक वर आला. ऊन-पावसानं त्याचा माथा कुजत गेला आणि तिथं बॉक्साइट तयार झालं. त्यातून ॲल्युमिनियम निघतं, म्हणून कंपनीचा डोळा त्या माथ्यावर. पण हाच माथा पावसाचं पाणी पितो आणि झऱ्यांतून हळूहळू सोडतो. माथा खरवडला तर झऱ्यांना पाणी कुठून येणार? शिवाय डोंगरिया कोंधांचा नियमराजा तिथंच आहे. "नुसता दगड" म्हणणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं हा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवायला सांगितलं. 12 गावांत ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी खाणीला नाही म्हटलं. 2014 मध्ये केंद्र सरकारनंही परवानगी नाकारली.

2006 चा वनहक्क कायदा त्यांना आहे तोच आपल्यालाही आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की सर्वेवाल्यांची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन डोंगर फिरा. कोणता झरा कुठून निघतो, उन्हाळ्यात किती दिवस चालतो, देवाची जागा कोणती, गुरं कुठं चरतात, हे सगळं सामूहिक दाव्यात लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा, सह्या-अंगठे घ्या. ठरावाची एक प्रत गावातच जपून ठेवा.