आधी ब्रेक

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर गाडीचं काय मिळत नाही! गेल्या शनिवारी आमच्या युनिटमधला एक कॅप्टन मला तिथे घेऊन गेला. त्याची जुनी पोलो जीटी, १.२ लिटर टर्बो, कंपनीतून निघाली तेव्हा १०५ पीएसची. ईसीयू रीमॅप करून झालाय, आता मोठा एक्झॉस्ट हवा. टायर मात्र पार गुळगुळीत.

"सर, नंदी हिल्सच्या वाटेवर पिकअप बघा एकदा!"

मी ब्रेकचं विचारलं. तो नुसता हसला. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब वाढवून ताकद काढतात. ब्रेक तेच राहतात, मागे तर ड्रमच. ८० ऐवजी १०० च्या वेगाने आलात, तर ब्रेकवर दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवायचं काम पडतं. खडकवासल्याला फिजिक्सच्या तासाला डुलक्या काढूनही एवढं डोक्यात राहिलंय.

हौसेला माझी ना नाही. पण पैसे आधी टायर आणि ब्रेक पॅडवर घाला. एक्झॉस्ट तर नकोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. शिवाय जवानाच्या बुलेटला बदललेला सायलेन्सर दिसला की गेटवरून आपणच त्याला परत पाठवतो. मग साहेबाची गाडी आत कशी घ्यायची?

चार टायर सांगून आलो. एक्झॉस्टचा विषय त्याने अजून सोडलेला नाही.