लाइन फॉलोअर पुरे, आता पोर्ट द्या

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ओरलला मी अधूनमधून एक्स्टर्नल म्हणून जातो. पोटापाण्याचा धंदा फर्मवेअर लिहिण्याचा. टेबलावर काय मांडलेलं असणार ते आता दारातूनच सांगता येतं. काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, मातीतली ओल मोजून पंप सुरू करणारी कुंडी, आणि शेजारी सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक. यातले बरेच प्रोजेक्ट बाजारात तयार मिळतात, ब्लॅक बुकासकट. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. विषयांची यादी मास्तर लावतात आणि ती वर्षानुवर्षं तीच असते.

या यादीत मायक्रोपायथन नव्या बोर्डवर चालवून दाखवण्याचं, म्हणजे पोर्ट करण्याचं काम घाला, एवढंच माझं म्हणणं आहे.

मायक्रोपायथन हा पायथन भाषेचा आटोपशीर अवतार. केंब्रिजमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ डेमियन जॉर्ज यांनी 2013 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून तो पुढे आणला. 256 केबी कोड आणि 16 केबी रॅम एवढ्यात त्याचा संसार बसतो. 16 केबीच रॅम असलेला बीबीसीचा मायक्रोबिट 2016 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना फुकट मिळाला, आणि त्यावर पायथन चाललं ते याच्याच जोरावर. सगळा कोड खुला आहे. कॉलेजला एक पैसाही मोजावा लागत नाही.

चिप ओळखीची आणि फक्त बोर्ड नवा असेल तर काम दोन-चार छोट्या फाइलींचं. कुठली पिन कुठे, घड्याळ किती वेगाचं, एवढं भरायचं. पण त्यातही गंमत आहे. ब्लॅक पिल नावाचा स्वस्त बोर्ड घ्या. त्यावरच्या एसटीएम32एफ411 चिपला मायक्रोपायथन चांगलं ओळखतं. समजा मुलांनी दुसऱ्याच बोर्डच्या फाइली उचलल्या. बिल्ड विनातक्रार होतं, बोर्ड यूएसबीला लावला की कॉम्प्युटर ढिम्म. मग केबल बदल, ड्रायव्हर टाक, मित्राचा लॅपटॉप आण, असं सुरू होतं. कारण समोरच असतं. बोर्डवर धातूची एक इवलीशी डबी असते, क्रिस्टल. तो 25 मेगाहर्ट्झचा आणि उचललेली फाइल 8 मेगाहर्ट्झवाल्याची. यूएसबीला 48 मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं आणि ते चिपमधल्या पीएलएल या सर्किटकडून, क्रिस्टलच्या वेगाला आधी भागून, मग गुणून मिळवायचं असतं. भाजक 8 च्या जागी 25 केला की बोर्ड बोलू लागतो. एका आकड्यापायी आठवडा गेला तरी चालेल. पीएलएल म्हणजे काय हे त्या मुलाला पुन्हा विचारावं लागणार नाही.

चिपच नवी असेल तर खरा कस. सुरुवात सोपी असते: एक अक्षर घेणारं फंक्शन, एक अक्षर पाठवणारं फंक्शन, आणि मेमरीत काय कुठे राहील याचा नकाशा. एवढं जमलं की स्क्रीनवर >>> ही खूण उमटते. दोन अधिक दोन विचारलं की चार येतात आणि मुलं पार्टी मागतात. मग प्रोग्राम वाढतो आणि मध्येच कोसळतो, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. पायथनमध्ये वापरून झालेली मेमरी गोळा करणारा एक भाग असतो. कुणाला काय अजून हवंय हे तो मेमरीत आणि स्टॅकवर धुंडाळतो. पण प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून ठेवलेला पत्ता त्याला दाखवलाच नाही, तर वापरातली वस्तूही तो मोडीत काढतो. कपाटात दिसला नाही म्हणून डोळ्यांवरचाच चष्मा हरवला समजावं, तसं. रजिस्टर दर प्रोसेसरची वेगळी, त्यामुळे ही सोय झाली आहे ना, हे पोर्ट करणाऱ्यालाच पाहावं लागतं. कंपायलर, स्टॅक, आर्किटेक्चर हे तीन वेगवेगळे पेपर इथे एका दुपारी एकत्र भेटतात.

यावर विभागप्रमुखांचा प्रश्न ठरलेला: "पण सर, आउटपुट काय दाखवणार?" स्क्रीनवरच्या त्या तीन कोनांवर मार्क कसे द्यायचे, ही त्यांची अडचण मला समजते. तरी कचरापेटीचं झाकण उघडलं म्हणून मार्क देणं त्याहून अवघड वाटायला हवं. पायथन सी भाषेच्या तुलनेत हळू चालतं, हा आक्षेपही खरा आहे. मोटरच्या मायक्रोसेकंदांच्या हिशेबाला मीही ते वापरणार नाही. पण द्राक्षबागेतल्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्रात पंधरा मिनिटांची दहा मिनिटं करायची असतील तर दर वेळी माझ्यासारख्याला बोलावू नये, तिथल्याच कुणीतरी एक ओळ बदलावी. त्यासाठी ते उत्तम.

रास्पबेरी पाय पिको जानेवारी 2021 मध्ये चार डॉलरला बाजारात आला तो मायक्रोपायथन सोबत घेऊनच. चिप बनवणाऱ्यांनी भाषेचं काम आधी उरकलं होतं. आपल्याकडे सी-डॅकने वेगा प्रोसेसर केला, त्यावरची तेजस32 चिप आणि एरीज बोर्डही आले. 100 मेगाहर्ट्झ, 256 केबी रॅम, म्हणजे पहिल्या मायक्रोबिटच्या सोळापट. देशी चिपवर भाषणं भरपूर होतात. शाळेतल्या बाई मात्र भाषण ऐकून बोर्ड घेत नाहीत. एक ओळ लिहिली आणि दिवा लागला तर घेतात. ती ओळ चालवण्याचं काम शेवटच्या वर्षाच्या चार मुलांच्या गटाला झेपणारं आहे, फक्त सोबत बसणारा गाइड हवा.

तेव्हा विभागप्रमुखांनो, येत्या सत्रात विषयांची यादी लावाल तेव्हा लाइन फॉलोअर खोडा आणि त्या जागी एखाद्या देशी बोर्डचं नाव लिहा. ओरलला मी येईन.